बर्फाचं दही

काल दुपारी विट्याच्या स्टँडवर जाऊन स्ट्रॉबेरीची पेटी उतरवून घेतली. धाकट्या भावाचा, संजयचा, सकाळीच मेढ्याहून फोन आला होता. "ताई, गाडीत पेटी ठिवलीया. डायवर वळखीचा हाय. टायमात जा, न्हाईतर उन्हानं पार लगदा हुईल." गाडी आली तेव्हा स्टँडवर पाय ठेववत नव्हता, पण पेटीचा तळ अजून गार होता. जावळीच्या डोंगरातली पहाट त्या पुठ्ठ्याच्या तळाशी शिल्लक राहिली होती, असं लिहायचा मोह होतो. खरं तर संजयनं खाली ओलं गोणपाट घातलं होतं.

पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसले आणि तो वास आला. स्ट्रॉबेरीच्या वासानं लोकांना महाबळेश्वरची सहल आठवत असेल, लग्नातलं गुलाबी आइस्क्रीम आठवत असेल. मला सांगलीच्या एका दवाखान्यातला वजनकाटा आठवतो. दोन वर्षं झाली, तरी दर मोसमात तो काटा आधी डोळ्यांपुढे येतो आणि मग फळ.

आमच्या घरात आता दोघंच असतो, मी आणि माझे सासरे. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. सैन्यातून सुभेदार होऊन आले, त्याला आता खूप वर्षं झाली. पण चपला अजून भिंतीला लावून एका रेषेत ठेवतात. माझे यजमान तमिळनाडूतल्या एका गावात गलाईचं दुकान चालवतात. जुनं सोनं आटवून शुद्ध करून देण्याच्या या कामापायी विट्याकडची माणसं कुठं कुठं जाऊन राहिली आहेत. लेक पुण्यात शिकते. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली. मी ओसरीवर शिकवण्या घेते आणि उरलेला वेळ फ्रीझरशी झटापट करते.

हे फ्रीझरचं वेड मला लेकीनं लावलं. तिनं एकदा फोनवर व्हिडिओ पाठवला: दही गोठवून त्यात फळं घालायची, झालं घरचं आइस्क्रीम, ना पावडर ना रंग. मी तिला म्हटलं, एवढंसं सांगायला ती बाई इतकी उड्या का मारतेय? पण करून बघितलं. आता माझा हात बसलाय. म्हशीच्या दुधाचं घट्ट दही पातळ फडक्यात बांधून नळाला टांगायचं. दोन तास थेंबथेंब पाणी गळू द्यायचं. मग त्यात कुस्करलेलं फळ आणि चमचाभर मध घालून रवीनं घुसळायचं, पसरट डब्यात ओतून फ्रीझरमध्ये ठेवायचं. आणि मग खरी गोम अशी की दर तासाला डबा बाहेर काढून काट्याच्या चमच्यानं सगळं हलवून परत ठेवायचं, नाहीतर बर्फाचे खडे होतात आणि दाताखाली कराकरा वाजतात. मशीन नको, काही नको. घरात फक्त माणूस हवं, दर तासाला उठणारं. विट्याच्या उन्हाळ्यात वीज दोनदा तरी जाते, तेव्हा डबा जुन्या सतरंजीत गुंडाळून ठेवावा लागतो, बाळंतिणीच्या पोराला ठेवतात तसा.

द्राक्षाचे मणी नुसते धुऊन, कोरडे करून गोठवले तरी चालतात. केळ्याच्या चकत्या दह्यात बुडवून ताटलीवर मांडल्या की शिकवणीची मुलं गणितं वेळेत सोडवतात. हे सगळं आता गमतीत सांगते. दोन वर्षांपूर्वी त्यात गंमत नव्हती.

आप्पांच्या जिभेच्या कडेला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि महाशिवरात्रीच्या सुमाराला रेडिएशन सुरू झालं. गावात सगळे त्याला 'लाईट' म्हणतात. "आप्पास्नी लाईट चालू हाय व्हय?" असं कुणी रस्त्यात विचारलं की वाटायचं, घरातल्या बल्बाची चौकशी करताहेत. यजमान ऑपरेशनला आले होते, पण दुकान किती दिवस बंद ठेवणार? मग सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे, सकाळची गाडी पकडून मी आणि आप्पा सांगलीला जायचो आणि दुपारी परतायचो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तोंड सोलवटणार, गिळवणार नाही. पण वजन उतरू द्यायचं नाही. फार उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल, नाहीतर उपचार मध्येच थांबवावे लागतील. आणि मध्येच थांबवून उपयोग नाही." आप्पांना उभ्या आयुष्यात कशाला भ्यालेलं मी पाहिलं नव्हतं. नळीचं नाव निघालं तेव्हा मात्र त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरली.

तिसऱ्या आठवड्यात भाकरी सुटली. मग भात सुटला. कढत काहीच चालेना. आहार सांगणाऱ्या बाईंनी गार, मऊ, पौष्टिक असं काहीतरी द्यायला सांगितलं होतं. मला लगेच लेकीचा व्हिडिओ आठवला, आणि त्याच आठवड्यात संजयची पेटी आली. जणू देवानंच धाडली. मी चक्का टांगला, स्ट्रॉबेरी वाटली, मध घातला, चार वेळा उठून हलवलं. पांढऱ्या दह्यात गुलाबी रेघा उठल्या होत्या. वाटी भरून आप्पांच्या पुढ्यात ठेवली.

ते म्हणाले, "हे काय, बर्फाचं दही?"

मी दाराकडे बघत म्हटलं, "गार आहे. बरं वाटेल."

इथं जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे सून आणि सासरा एकमेकांशी थेट बोलत नाहीत. भांडण नसतं, उलट मान असतो. सासरा घरात शिरताना उंबऱ्यावर खाकरतो, म्हणजे सुनेनं सावरून बसावं. काही हवं असेल तर सासूला सांगतो, सासू सुनेला सांगते. सासूबाई होत्या तोवर आमचं सगळं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. त्या गेल्यावर आम्ही भिंतीशी बोलायला लागलो. "चहा झाला असंल तर बघावं," असं ते घड्याळाला सांगायचे. "जेवण वाढलंय," असं मी पाण्याच्या माठाला सांगायचे. ऑपरेशननंतर त्यांना खाकरता येईना, तर उंबऱ्यावर काठी दोनदा आपटायला लागले. माझ्या डोक्यावरचा पदर कधीच उतरला होता, नजर मात्र खालीच राहिली होती. रोज शेजारी बसून सांगलीला जायचे, त्यांची फाईल सांभाळायचे, गोळ्यांच्या वेळा पाळायचे, पण त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितल्याचं मला आठवत नाही.

आप्पांनी ती वाटी संपवली, अगदी चमच्यानं तळ खरवडून. मी माठाला विचारलं, "कसं झालं होतं?" पाठीमागून आवाज आला, "ओके रिपोर्ट!" हा त्यांचा पलटणीतला शब्द. सगळं ठीक असलं की ते एवढंच म्हणतात.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सगळ्या जगाचं अन्न नको झालेला माणूस माझ्या हातची वाटी चाटूनपुसून संपवतो, तीही माझ्या माहेरच्या फळाची. मी संजयला फोन करून आणखी पेटी मागवली. सकाळी एक वाटी, सांगलीहून आल्यावर एक. आप्पा वाटी घेऊन मागच्या दारी निंबाखाली जाऊन बसायचे. स्वयंपाकघरातून त्यांची पाठ दिसायची. खाताना ते मधूनमधून टॉवेलनं तोंड पुसायचे. बाहेर ऊन मी म्हणत होतं. वाटलं, घाम येत असेल. नंतर तास-दोन तास कशालाच शिवायचे नाहीत. वाटलं, पोट भरलं असेल. पांघरलेल्या समजुतीत माणूस किती सुखानं राहू शकतो! शेजारणीला मी कृतीसुद्धा सांगितली, वर म्हटलं, आप्पांना भारी आवडतं.

दहा दिवसांनी आप्पा वजनकाट्यावर उभे राहिले. काटा बघून आहार सांगणाऱ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. वजन चांगलंच उतरलं होतं. "खातायत ना?" मी तोऱ्यात सांगितलं, "खातात की! दही गोठवून देते, स्ट्रॉबेरी घालून. दोन वाट्या." बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, स्ट्रॉबेरी? आंबट? यांचं तोंड बघितलंय का तुम्ही?" त्यांनी बॅटरी लावली, आप्पांना आ करायला लावला आणि मला जवळ बोलावलं. "या, बघा."

मी बघितलं. गालाची आतली बाजू सोलून काढल्यासारखी लाल होती, जिभेवर पांढरे चट्टे होते. तिथं मी दहा दिवस, दिवसातून दोनदा, आंबट फळ ओतत होते. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. बाई पुढं काय काय सांगत होत्या: नळीचा विचार करावा लागेल, आठवडाभर वाट पाहू, चिकू द्या, केळं द्या, पपई द्या. मी मान हलवत होते. टॉवेल कशासाठी लागायचा ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

परतीच्या गाडीत आम्हाला खिडकीची जागा मिळाली. तासगावच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बेदाण्याची शेडं लागतात. हिरव्या जाळीआड थरावर थर द्राक्षं वाळत घातलेली असतात आणि खिडकीतून गोडसर, आंबूस वास आत येतो. एरवी मला तो वास आवडतो. त्या दिवशी मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा आप्पांच्या तोंडाकडे वळून, डोळ्यांत बघून विचारलं, "आवं आप्पा, झोंबत हुतं का?"

ते आधी बाहेर बघत राहिले. मग जड जिभेनं म्हणाले, "व्हय."

"लय?"

"लय."

"मग सांगायचं न्हाई व्हय? मी काय परकी हाय? आगीगत झोंबतंय आनि तुमी ओके रिपोर्ट म्हनताय!" माझा आवाज चढला. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून बघितलं. सून सासऱ्यावर ओरडतेय, हे तिनं बहुतेक पहिल्यांदाच बघितलं असेल.

आप्पा म्हणाले, "तुज्या माहेरनं आल्यालं हुतं."

मला काही समजेना. तेव्हा त्यांनी थांबत थांबत, एकेक शब्द तोंडात फिरवत सांगितलं. माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं, तेव्हा माझे वडील मेढ्याहून आले होते. डोक्यावर पाटी, पाटीत नाचणी, डोंगरातला तांदूळ, वर करवंदं. शेजारच्या बायका जमल्या होत्या. सासूबाई पाटी बघून म्हणाल्या होत्या, "डोंगरातली मानसं, दुसरं काय आणनार?" बायका हसल्या होत्या. वडील हसण्यावारी नेऊन चहा पिऊन गेले, आणि मी गोठ्यामागं जाऊन रडले होते. कुणी बघितलं नाही असं मी इतकी वर्षं समजत होते. आप्पा तेव्हा सुट्टीवर आले होते.

"गोठ्याकडनं येत हुतो मी," आप्पा म्हणाले. "तू रडत हुतीस. मी काय बोलनार? त्या दिशी नाचनीची भाकरी मागून खाल्ली. तवाच ठरीवलं, मेढ्याहून जे यील ते आपन संपवायचं. नाव ठिवायचं न्हाई."

ती भाकरी मला आठवत होती. आप्पांनी सासूबाईंना विचारलं होतं, "आज नाचणीची भाकरी हुईल का?" आणि दोन खाल्ल्या होत्या. मला तेव्हा वाटलं होतं, फौजी माणूस, याला काहीही चालतं. गाडी तासगाव सोडून पुढं निघाली तरी माझे डोळे थांबेनात. आप्पांनी आपला टॉवेल माझ्या मांडीवर ठेवला आणि परत खिडकीबाहेर बघायला लागले.

आमच्याकडे माया बोलून दाखवत नाहीत, खाऊन दाखवतात. ताट स्वच्छ झालं की वाढणाऱ्याला पावती मिळाली. मी याच रीतीत वाढले, लेकीलाही याच रीतीत वाढवलं. रीत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळंच मी त्या घरात टिकले असेन, मला ठाऊक नसताना. पण तिच्यात एक भोक आहे. रिकामं ताट बघून खाणाऱ्याला आवडलं की त्यानं सोसलं, हे कळायला मार्ग नसतो. तो मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणं, आणि तेवढंच आम्ही मानापायी बंद करून ठेवलेलं असतं. मी चिडले होते ती आप्पांवर नव्हे, स्वतःवर. दहा दिवसांत एकदा जरी निंबाखाली जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले असते तर?

त्या संध्याकाळी मी स्ट्रॉबेरीची उरलेली पेटी शेजारी देऊन टाकली आणि बाजारातून चिकू आणले, हाताला मऊ लागणारे. दह्याची तऱ्हाही बदलली. विरजण अगदी थेंबभर, आणि लागलं रे लागलं की टांगायचं, आंबट व्हायला सवडच द्यायची नाही. वर साय. चिकू, केळं, पपई, तिन्ही गुळगुळीत वाटून. आणि आप्पांशी करार केला, समोर बसून, डोळ्यांत बघून: आधी बोटभर जिभेवर ठेवायचं, झोंबलं तर झोंबलं म्हणायचं, त्यात माझ्या माहेरचा काही संबंध नाही. आप्पा म्हणाले, "हुकूम." मग मी वाटी घेऊन समोर बसायचे आणि त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचे. ते अवघडायचे. "असं बघाया लागलीस तर घास कसा उतरंल?" म्हणायचे. पण उतरायचा. दिवसातून सहा वेळा, चार-चार चमचे. पुढच्या आठवड्यात काटा होता तिथंच थांबला. त्याच्या पुढच्या आठवड्यात किंचित वर गेला. नळी लागली नाही. पाडव्याला आमच्या गुढीला साखरेची माळ होती आणि आप्पांच्या वाटीत चिकूचं बर्फाचं दही होतं. एप्रिल सरायच्या आत लाईट संपली.

सगळं ठीक झालं असं मला वाटलं, पण तसं नव्हतं. एके दिवशी आमटीत माझ्या हातून मीठ दोनदा पडलं. मी घास तोंडात घेतला आणि थुंकले. आप्पांनी तोवर वाटी संपवली होती. मी संतापून म्हटलं, "करार मोडलात!" ते म्हणाले, "न्हाई गं. झोंबलं असतं तर बोललो असतो. मला चवच लागत न्हाई. मीठ न्हाई, साखर न्हाई. माती खाल्ल्यागत लागतंय समदं." कधीपासून? तर लाईट चालू होती तेव्हापासून. मी विचारलं, मग बर्फाचं दही? "गार लागायचं. तेवढं बरं वाटायचं." डॉक्टर म्हणाले, काहींची चव परत येते, काहींची येत नाही, वेळ जाऊ द्या. आम्ही वेळ जाऊ दिला. एक उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला, दुसरा उन्हाळा गेला. आप्पा वेळेवर जेवायचे, बंदूक साफ करावी तसे, काम म्हणून. मी नवं काही केलं की अजून त्यांच्या तोंडाकडे बघायचे. तिथं काही हलायचं नाही.

म्हणून संजयची पेटी आली की ती मी शिकवणीच्या मुलांसाठी ठेवते. आजही तेच करत होते. दही टांगून झालं होतं, स्ट्रॉबेरीच्या फोडी गोठायला ठेवल्या होत्या, आप्पांसाठी चिकू वेगळा काढला होता. तेवढ्यात उंबऱ्यावर काठी दोनदा वाजली.

"काल पेटी आली न्हवं? मला दाव की त्यातलं."

"आप्पा, झोंबंल."

"दोन वरसं झाली. आता काय झोंबायचं ऱ्हायलंय? आन."

मी दोन फोडी आणि चमचाभर टांगलेलं दही वाटीत घेऊन समोर बसले. त्यांनी एक फोड जिभेवर ठेवली. थोडा वेळ काही झालं नाही. मग त्यांचा उजवा डोळा बारीक झाला, खांदे वर आले, सगळा चेहरा एका बाजूला गोळा झाला. "थुका, आप्पा, थुका!" मी हात पुढं केला. त्यांनी मान हलवली, हातानं मला थांबवलं आणि फोड गिळली.

"झोंबलं का?"

"न्हाई." ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. "आंबट हाय."

"काय?"

"आंबट हाय म्हनलं. लय आंबट. तुज्या भावानं कच्चीच तोडल्याली दिसत्यात." आणि मग, जरा घाईनं, बोट जिभेकडे नेऊन, "लागलं मला. आंबट लागलं." दुसरी फोड त्यांनी तशीच ठेवली आणि वाटी माझ्याकडे सरकवली. मेढ्याहून आलेलं काही आप्पांच्या वाटीत पहिल्यांदाच उरलं होतं. "ओके रिपोर्ट न्हाई. मध घालून आन."

मध घालायच्या आधी मी संजयला फोन लावला. म्हटलं, "आप्पा म्हनत्यात, तुजी स्ट्रॉबेरी आंबट हाय."

बिचारा वरमला. "आगं ताई, ह्या बारीला थंडीच लांबली, रंग धरला पन गोडी भरली न्हाई... त्यास्नी म्हनावं, राग मानू नगा. पुढची पेटी बघून, पिकल्याली धाडतो."

"नगं रं," मी म्हटलं. "अशीच धाड."